काडीपेटीतले घर

१० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण घराबाहेर धावले असतील. घर हलते म्हणजे काय होते, हे चौथीच्या मुलाला फळ्यावरच्या आकृतीने कळत नाही. त्याच्या हाती काडीपेटी द्यावी लागते.

घाबरू नका, गूल आधी खरडून टाकायचे! सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात त्या बारीक रबरी नळीचे दीड सेंटीमीटरचे तुकडे करायचे. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी सारली की सांधा झाला. चार काड्यांचा चौकोन करा. बोट लावताच तो शंकरपाळ्यासारखा कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण ढकलून पाहा. काडी मोडेल, पण आकार बदलणार नाही. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच राहून कोपरे फिरतात. त्रिकोणाचा कोपरा फिरायला समोरची बाजू लांबावी लागते, आणि काडी काही लांबत नाही.

ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. कानपूरच्या आयआयटीत शिकून ते पुण्याच्या टेल्को कारखान्यात इंजिनियर झाले. १९७८ साली रजा काढून ते होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले आणि खेड्याच्या बाजारातल्या वस्तूंतून खेळणी करू लागले. रजेचा असा उपयोग करणारा साहेब आम्हांला तरी दुसरा भेटला नाही.

त्रिकोणाला बाजू किती, हे आम्हीही शाळेत घोकले होते. तो भार कसा पेलतो, हे मात्र पुढे कारखान्याच्या शेडवर कैची चढवताना एका फिटरने दाखवले. तोही शाळेत फार शिकलेला नव्हता. ज्याच्या हाताला हे ज्ञान आहे त्याला शाळेत मान नाही, आणि शाळेत मान मिळवणाऱ्याचे हात कोरे. ही फाळणी पहिलीपासूनच होते.

तिची किंमत मोठी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत मातीत रचलेल्या दगडी भिंती माणसांवर कोसळल्या. आतल्या लाकडी खणांना खांब होते, तुळया होत्या. तिरपे लाकूड बहुधा नव्हते. म्हणजे आपला चौकोनच! मुख्य दोष भिंतींचा, हे खरे. पण घरे बळकट करताना खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू ठोकण्याचा सल्ला दिला गेला, तो याचसाठी. डॉ. कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला, तेथील घुमटाकार घरे त्रिकोणांचीच आहेत.

शिक्षक म्हणतील, साहित्य कोठून आणायचे? नळी सायकलवाल्याकडे मिळते. अवघड आहे ते गुरुजींनी उत्तर न सांगता गप्प बसणे. चौकोन कलंडला की एखादी मुलगी आपण होऊन पाचवी काडी तिरपी घालून पाहते. ती पुरत नाही. दुसरी काडी घेतली तरी पुरत नाही. मग ती खराट्याची लांब काडी आणते आणि किती तोडायची, ते चौकोनावर आडवी धरून मापू लागते.