रिचार्ज माणसाचा, नेट घराचं

बीड जिल्ह्यातल्या पाच माणसांच्या घरात आज नेट कसं येतं, त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. वडिलांचा एक रिचार्ज, कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा एक, जमलं तर मुलीचा एक. आईच्या फोनवर नंबर चालू राहील एवढेच पैसे, आणि आजीकडे बटणांचा साधा फोन. रोजचा दीड-दोन जीबी डेटा देणारा २८ दिवसांचा रिचार्ज तीनशे रुपयांच्या आसपास पडतो. महिना २८ दिवसांचा धरल्यामुळे तो वर्षात बारा नाही, तेरा वेळा भरावा लागतो. तीन फोनांचेच वर्षाला साडेअकरा हजारांहून जास्त होतात. एवढं भरूनही वडिलांचा निम्मा डेटा रात्री बाराला वाया जातो आणि मुलीचा संध्याकाळी सातलाच संपलेला असतो. एकाच घरात एकाचं उरतं, दुसऱ्याला पुरत नाही, कारण नेट घराला मिळालेलं नाही, सिमकार्डाला मिळालेलं आहे. म्हणून जिथे तारेची जोडणी पोचली आहे, तिथे ती एकच घेऊन घरभर वाटावी, असं माझं ठाम मत आहे. ही शहरातल्या बंगल्यांची चैन समजली जाते. प्रत्यक्षात तिचा जास्त फायदा हात राखून खर्च करणाऱ्या घरांनाच आहे.

पैशांपेक्षा मोठं कारण मात्र वेगळं आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्री-पुरुषांना विचारलं होतं की, आयुष्यात कधी इंटरनेट वापरलं आहे का? पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी हो म्हटलं, स्त्रियांपैकी ३३ टक्क्यांनी. या तफावतीला शिक्षण, पैसा, घरातला धाक अशी अनेक कारणं आहेत. पण नेट माणसागणिक विकत घ्यावं लागतं, हेही त्यातलं एक आहे. घरात पैसा मोजका असला की रिचार्जचा क्रम आपोआप ठरतो: कमावता पुरुष आधी, शिकणारा मुलगा नंतर, मुलगी आणि आई शेवटी. सरकारी योजनेचा अर्ज असो की शाळेचा अभ्यास, त्यांना दुसऱ्याच्या हॉटस्पॉटची वाट पाहावी लागते, आणि तो दुसरा फोन खिशात घालून शेतावर निघून गेलेला असतो. घरात वायफाय असेल तर जुना, सिम नसलेला, काच तडकलेला फोनसुद्धा कामाचा होतो. नेट वापरायला कोणाची परवानगी आणि कोणाचा रिचार्ज लागत नाही. ओटीपीसाठी प्रत्येकीचा नंबर चालू असावा लागतो, हे खरं. पण दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४मध्ये केलेल्या नियमामुळे कंपन्यांना फक्त बोलण्यासाठी आणि संदेशांसाठी वेगळा रिचार्ज ठेवावाच लागतो. आई-आजीच्या नंबरला तो घ्यावा आणि डेटा घरच्या जोडणीवर सोडावा.

नेट वाटून घेण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी पट्ट्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प उभा राहिला होता. उसाचं वजन आणि बिलाची माहिती शेतकऱ्याला गावातल्याच केंद्रावर मिळू लागली. पुढे हीच माहिती मोबाइलच्या संदेशावरून देण्याचा प्रयोग झाला. म्हणजे नेट आधी गावाच्या केंद्रावर आलं आणि तिथून थेट माणसाच्या खिशात गेलं. मधला टप्पा, म्हणजे घर, वगळलाच गेला. बीडमध्येही तेच झालं. २०११ साली मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट नावाने ओळखली जाऊ लागलेली सरकारी योजना फायबर नेते ती ग्रामपंचायतीपर्यंत. जिल्ह्यात ग्रामपंचायती हजाराच्या वर आहेत, पण पंचायतीच्या कपाटातल्या डब्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतची तार गावातला केबलवाला किंवा एखादी कंपनी ओढेल तेव्हाच येते. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई अशा गावांत ती आज मिळते. सुरुवातीची योजना महिन्याला पाचशे रुपयांच्या आतबाहेर, वर १८ टक्के जीएसटी. वर्षाचे सहा-सात हजार झाले, त्यात आई-वडिलांचे बोलण्यापुरते रिचार्ज मिळवले, तरी वरच्या हिशेबाशी बरोबरी होते, आणि नेट तिघांऐवजी पाचही जणांना मिळतं.

आता ही एक जोडणी पाच जणांत वाटली कशी जाते? खांबावरून येणाऱ्या बारीक काळ्या तारेत केसाएवढा काचेचा धागा असतो. त्यातून प्रकाश येतो, आणि घरातला डबा त्या प्रकाशाचं विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. या डब्यावरचे दिवे ओळखता आले तर निम्मी तक्रार घरीच सुटते. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल तर बाहेरची तार ठीक आहे. ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही, पाइपलाइनसाठी खणताना जेसीबीने तार तोडलेली असते किंवा घरात कोणीतरी ती काटकोनात वाकवून खिळ्याला अडकवलेली असते. लाल दिवा असताना डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, लाइनमनलाच बोलवावं लागतं. याच डब्यात बहुतेक वेळा राउटरही असतो. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो. आत मात्र राउटर प्रत्येक फोनला, टीव्हीला, संगणकाला १९२.१६८ने सुरू होणारा वेगळा आकडा देतो. जुन्या वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांची पत्रं वाड्याच्या एकाच पत्त्यावर यायची आणि दारातली म्हातारी ज्याचं त्याला नेऊन द्यायची, तसंच हे काम आहे. हे अंतर्गत आकडे १९९६ साली घरगुती आणि कार्यालयीन जाळ्यांसाठी जगभर राखून ठेवले गेले. एरवीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी होती आणि तिचा मुख्य साठा २०११च्या फेब्रुवारीत वाटून संपला. वाटून वापरण्याची ही युक्ती नसती तर इतकी उपकरणं जोडणं केव्हाच अशक्य झालं असतं.

तरीही जोडणी घेतलेल्या घरांतून ‘आतल्या खोलीत रेंज येत नाही’ हे गाऱ्हाणं ऐकू येतं, आणि दोष कंपनीला दिला जातो. पुष्कळदा दोष शेवटच्या दहा मीटरांचा असतो. जोडणीवाला तार रस्त्याकडच्या पहिल्या भिंतीत आणतो आणि डबा तिथेच ठोकून जातो. घरातले लोक मग दिसायला बरं नाही म्हणून तो कोनाड्यात, टीव्हीच्या मागे, नाहीतर लोखंडी कपाटावर सरकवतात. वायफाय म्हणजे रेडिओलहरी. लोखंड आणि पत्रा त्या परतवतात, ओली किंवा जाड भिंत त्या गिळते. धारूर, अंबाजोगाईकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत दोन-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंती असतात. उन्हाळ्यात त्या घर थंड ठेवतात, वायफायला मात्र जबर अडथळा होतात. स्लॅबमधल्या सळयांमुळे वरच्या मजल्यावर वेग पडतो. राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी जाते पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण दुसऱ्या भिंतीला दमते. फोनमध्ये दोन नावं दिसत असतील तर आतल्या खोलीत पहिलं निवडावं, राउटरच्या समोर दुसरं. डबा घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर हवा. एवढं करूनही मागची खोली कोरडी राहिली तर लोक रिपीटर आणतात. स्वस्तातला रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो तिच्यावरच बोलतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यापेक्षा राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅनची तार ओढून तिथे दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावावा. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. वाडा कितीही लांब असला तरी तेवढ्यात भागतं. टीव्ही आणि संगणक हलत नाहीत. त्यांना तारच द्यावी, म्हणजे हवेतली जागा फोनांना मोकळी राहते.

घरासाठी एकच तार घेण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप बीडचाच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो घरांना कुलूप लागतं, माणसं ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, तार येत नाही. पूर्ण कुटुंब जात असेल तर त्यांच्यासाठी मोबाइलचाच रिचार्ज बरा, यात वाद नाही. पण कित्येक घरांत म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं मागे राहतात, आणि फडावर गेलेल्या आईचा चेहरा दिसण्याची गरज असते ती नेमकी त्यांनाच. अशा घराने वर्षाची एकरकमी योजना न घेता महिन्या-महिन्याने पैसे भरावेत. दुसरा आक्षेप वस्ती-तांड्यांचा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या बालाघाटातल्या वस्त्यांवर फायबर लवकर जाणार नाही. तिथे सिम घालायचा राउटर घेऊन तो टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवला तर एका डेटावर घर चालतं. वेग तारेएवढा मिळत नाही, पण वाटणीचं तत्त्व तेच राहतं.

लाइट गेली की वायफाय जातं, हा तिसरा मुद्दा, आणि तो सहज सुटणारा आहे. खांबावरच्या फायबरच्या वाटणी-डब्याला वीज लागतच नाही. वीज लागते कंपनीच्या केंद्राला आणि घरच्या डब्याला. घरचा डबा बहुतेक १२ व्होल्टवर चालतो आणि त्याच्यासाठी हजार-दीड हजार रुपयांत मिळणारा छोटा यूपीएस काही तास पुरतो. पोरं बिघडतील, ही आई-बापांची भीती मात्र हलक्यात घेऊ नये. पण सिमचा डेटा पोराच्या पांघरुणातही चालू असतो. घरचा राउटर रात्री दहाला एका बटणाने बंद करता येतो, किंवा त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एकाच फोनची वेळ बांधता येते. भीती खरी असेल तर उपाय घरच्या जाळ्यातच जास्त आहेत.

जोखीम आहे ती पासवर्डची. जोडणी ज्याच्या आधारवर असते, तिच्यावरून झालेल्या उद्योगांची विचारपूस त्याच्याकडे येते. म्हणून मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवण्याची सवय सोडावी, डब्याच्या खालच्या चिकटपट्टीवरचा ‘ॲडमिन’ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नावाचं वेगळं वायफाय चालू करावं. शेजाऱ्याला पैसे घेऊन आपली घरगुती जोडणी देणं नियमात बसत नाही. पण किराणा दुकान किंवा चहाच्या टपरीवरून लोकांना वायफाय द्यायचं असेल तर केंद्र सरकारने डिसेंबर २०२०मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत त्या दुकानदाराला परवाना लागत नाही. गावात चारच घरांना जोडणी परवडत असेल तर हा रस्ता खुला आहे.

हे सगळं ठरतं ते जोडणीवाला घरी येतो त्या अर्ध्या तासात. तार कुठून आत घ्यायची, किती लांब ठेवायची, डबा कुठे ठोकायचा, हे त्याच्यावर सोडलं तर तो सोयीची भिंत निवडणार. त्या वेळी पुरुष बहुधा कामावर असतो आणि घरी असते ती आई किंवा मुलगी. तिनेच त्याला सांगावं की तार मधल्या खोलीपर्यंत आण, दोन हात जास्तीची गोल गुंडाळून ठेव, मागच्या खोलीसाठी लॅनची तार आत्ताच ओढ, आणि पासवर्ड माझ्यासमोर बदल.