निरोप ३१ मेचा

जिल्हा : नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. तालुके ६. त्याआधी इथे नोकरीला लागलेले गुरुजी रुजू झाले ते धुळे जिल्हा परिषदेत.

वय : राज्य सरकारी नोकरीत ५८, गट ‘ड’साठी ६०. निवृत्ती महिन्याच्या अखेरच्या दिवशी.

१ जून : शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली, की अनेकदा हीच लिहिली जाई. एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याअखेर निवृत्त होतो. म्हणून एवढे निरोप ३१ मेला. तेव्हा उन्हाळी सुट्टी. गुरुजींच्या हाती शाल-श्रीफळ, समोरचे बाक रिकामे.

स्वेच्छानिवृत्ती : २० वर्षांची सेवा, ३ महिन्यांची नोटीस.

पेन्शन : १ नोव्हेंबर २००५पूर्वी रुजू झालेल्यांना जुनी योजना, त्या तारखेपासून अंशदायी योजना सुरू झाली.