बॉयलर रुसतो तेव्हा

‘लॉकआउट’ हा शब्द मुलुंड-भांडुपच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोर उच्चारा. त्याला कारखान्याचे बंद दार आणि त्यावर डकवलेली नोटीस आठवेल. बॉयलरवर काम करणाऱ्या कारागिराला मात्र या शब्दाने एक लाल दिवा आठवतो. तेलावर चालणाऱ्या बॉयलरला ज्योत पेटलेली दिसली नाही, की तो स्वतःच तेल बंद करतो, लाल दिवा लावतो आणि कोणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत हटून बसतो. इथे टाळे यंत्रानेच लावलेले असते.

गेल्या जुलैत साकीनाक्याजवळच्या एका गाळ्यात असा हट्टी बॉयलर पाहण्याचा योग आला. विमानतळाच्या आसपासच्या हॉटेलांतील चादरी आणि टॉवेल तेथे धुवायला येतात. इस्त्रीसाठी लागणारी वाफ एका लहान बॉयलरमधून मिळते. त्याच्या बर्नरला तासाला सुमारे १० लिटर डिझेल लागते. मालकांची तक्रार अशी, की जून लागला की बॉयलर दिवसातून चार-पाच वेळा बंद पडतो. उन्हाळ्यात हा त्रास नसतो. मिस्त्रींनी दोनदा फोटोसेल बदलला. दोन्ही वेळा दोन-तीन दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. बॉयलरवर काम करणारा मुलगा म्हणाला, “सर, तसे काही अडत नाही. लाल बटण तीन-चारदा दाबले की होतो चालू.”

या वाक्याने आम्ही दचकलो. का, ते कळण्यासाठी बटण दाबल्यावर आत काय काय घडते ते क्रमाने पाहू या.

प्रथम नुसता पंखा फिरतो. भट्टीत तेलाची वाफ राहिली असेल तर ती धुराड्यातून बाहेर जावी म्हणून ही झाडलोट. मग दोन तारांच्या टोकांमध्ये सुमारे १०,००० व्होल्टची ठिणगी पडू लागते. त्यानंतर तेलाची झडप उघडते आणि पंपाने दाबाखाली आणलेले डिझेल नोझलच्या बारीक छिद्रातून तुषारांच्या रूपात बाहेर पडते. अखंड तेल सहज पेटत नाही. तुषार केले की पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, वाफ झटकन होते आणि ठिणगीने ती पेटते. ज्योतीकडे तोंड करून बसवलेला फोटोसेल हा बॉयलरचा डोळा. साधारण १० सेकंदांत त्याला उजेड दिसला नाही, तर झडप बंद आणि लाल दिवा चालू.

आता हिशेब करू. तासाला १० लिटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २.८ मिलिलिटर. ज्योत खरोखरच पेटली नसेल, तर १० सेकंदांत २८ मिलिलिटर डिझेल न जळता भट्टीत पडते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे या अर्धी वाटीसुद्धा न भरणाऱ्या तेलात एक मेगाज्यूल. खोलीच्या तापमानाचे तीन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. पाच वेळा बटण दाबले तर पाचपट. भट्टीच्या भिंती गरम असतात, त्यामुळे तेलाची वाफ होऊन हवेत मिसळते. पंख्याच्या झाडलोटीने वाफ जाते, पण फरशीत मुरलेले तेल जात नाही. सहाव्या वेळी ठिणगीने नेम साधला तर हे सारे एकदम पेटते आणि बर्नर, दार, धुराडे यांपैकी जे कमजोर असेल ते उडते. म्हणून कसलेले कारागीर एकदा बटण दाबून पाहतात, फार तर दोनदा. त्यानंतर हात खिशात ठेवून विचार करतात.

विचार कसा करायचा? बंद कोणत्या क्षणी पडतो, हे घड्याळ लावून पाहायचे. ठिणगीचा चरचर आवाजच नसेल तर दोष विजेच्या बाजूचा. ठिणगी आहे पण धुराड्यातून पांढरट वाफही येत नाही, तर तेलच येत नसावे: टाकी, गाळणी, पंप, झडप, नोझल या वाटेने शोध घ्यावा. ज्योत पेटलेली आपल्याला स्वच्छ दिसते आणि तरी १० सेकंदांनी बंद होते, तर दोष आगीत नाही, डोळ्यात आहे.

या डोळ्याची ओळख वर्गात सहज करून देता येते. जुन्या धर्तीच्या बर्नरमध्ये कॅडमियम सल्फाइडचा सेल असतो. त्याचा भाऊबंद एलडीआर या नावाने लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळतो. मल्टिमीटर लावून तो मुठीत झाका: रोध लाखो ओहम. मेणबत्तीसमोर धरा: काही हजारांवर किंवा त्याहूनही खाली. आता एक काच त्या मेणबत्तीच्या शेंड्यावर धरून काळी करा आणि एलडीआरच्या पुढे ठेवा. मेणबत्ती तशीच जळते आहे, पण मीटरच्या दृष्टीने अंधार पडला. उजेडाने पदार्थाचा रोध कमी होतो हे प्रथम लक्षात आले ते सेलेनियममध्ये. १८७३ साली विलबी स्मिथ हे इंग्रज अभियंते समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांची चाचणी घेण्यासाठी सेलेनियमच्या कांड्या वापरत होते आणि त्यांचा रोध उजेडाबरोबर बदलत होता. त्रासाचा माग काढताना शोध लागला तो असा.

गाळ्यात आम्ही घड्याळ लावून बसलो. ज्योत पेटत होती, आणि तरी बंद होत होती. फोटोसेल बाहेर काढला तर काचेवर काजळी आणि टॉवेलांची बारीक लव. म्हणजे मिस्त्रींचे निदान बरोबर होते, पण अर्धे. डोळा बदलला, डोळ्यात धूर कुठून जातो ते पाहायचे राहिले. आणि पावसाळ्यातच का?

पहिला संशय पाण्यावर. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरणे नवे नाही. डिझेल पाण्याहून हलके असल्याने पाणी तळाशी बसते आणि पंपही तळाजवळूनच ओढतो. टाकीच्या तळाची तोटी उघडून काचेच्या बाटलीत तेल घेतले. थर दिसला नाही. संशय मिटला.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. सकाळी गाठोडी उतरवताना शटर वर असते, तेव्हा बॉयलर कुरकुरत नाही. पावसाची झड आली की कपडे भिजू नयेत म्हणून शटर खाली ओढतात. खिडक्यांवर तर जूनपासूनच निळी ताडपत्री. शटरच्या खालच्या फटीशी उदबत्ती धरली, तर धूर वाऱ्यावर घ्यावा तसा आत खेचला गेला. आतला पंखा हवेसाठी धापा टाकत होता.

किती हवा लागते? एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा. एक लिटर डिझेलला मोजले तर ती सुमारे १० घनमीटर भरते. तासाला १० लिटरला १००. बॉयलरची खोली ४ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच, म्हणजे ४८ घनमीटर. खोलीतली सगळी हवा अर्ध्या तासात लागते, आणि तेवढीच बाहेरून यायला हवी. फटीतून ती पुरी पडत नव्हती. हवा कमी म्हणजे ज्वलन अपुरे, ज्वलन अपुरे म्हणजे काजळी, काजळीने डोळा आंधळा. मिस्त्रींच्या देखत शटर वर करून, फोटोसेल पुसून बॉयलर दुपारभर चालवला. एकदाही रुसला नाही. धुराड्याचा करडा धूरही विरळ झाला.

निघताना त्या मुलाने सहज सांगितले, की पावसाळ्यात दुपारी त्याचे डोके फार दुखते. साबणाच्या वासाने असेल. आम्हाला तसे वाटले नाही. अपुऱ्या ज्वलनात काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला २०० पटींहून अधिक घट्ट धरते. डोकेदुखी ही त्याची पहिली खूण. शटर खाली असताना तो धूर थोडाफार खोलीतच फिरत होता आणि रोज लॉकआउट होत होता म्हणूनच मधूनमधून आग थांबत होती. ज्याला आपण बिघाड म्हणत होतो, त्याने या मुलाला वाचवले असणे अगदी शक्य आहे.

विद्यार्थ्यांच्या घरी बॉयलर नसतो, पण गॅसचा गिझर पुष्कळांकडे असतो आणि तत्त्व तेच. गॅसची निळी ज्योत एलडीआरला नीट दिसत नाही. म्हणून बऱ्याच गिझरांत ज्योतीत धातूची एक कांडी असते. ज्योतीत आयन असल्याने तिच्यातून काही मायक्रोअँपियर प्रवाह वाहतो, आणि तो थांबला की गॅस बंद होतो. पण ही कांडी ज्योत आहे की नाही एवढेच पाहते, हवा पुरेशी आहे की नाही ते नाही. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एका शाळकरी मुलीचा जीव न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या धुराने गेला. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत सापडले, तेव्हाही संशय गिझरवरच होता. गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत असावा आणि त्याचा धूर बाहेर जावा. झडप बंद करून अंघोळ करणाऱ्या थंडीच्या दिवसांत तर हे वर्गात मुद्दाम सांगायला हवे. खोली किती घनमीटरची, हे गणित मुले स्वतःच्या न्हाणीघराचे माप घेऊन करू शकतात. उत्तर पाहून त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटते.

ऑगस्टमध्ये त्या गाळ्यात पुन्हा गेलो. ताडपत्री निघाली होती. भिंतीत खाली एक आणि छताजवळ एक, अशा दोन जाळीच्या खिडक्या बसवल्या होत्या. पाऊस आत येऊ नये म्हणून वर पत्र्याची झापड. मुलाची डोकेदुखी थांबली होती. बॉयलरशेजारच्या भिंतीवर त्याने खडूने तक्ता आखला होता: तारीख, वेळ, किती सेकंदांनी बंद पडला, कारण. महिन्याभरात एकच नोंद होती. कारणाच्या रकान्यात लिहिले होते: ‘डिझेल संपले.’