घाटात रेंज गेली तर

मागच्या हिवाळ्यात फुलंब्रीहून आम्ही दोन गाड्या घेऊन जळगावला निकाहासाठी निघालो. सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा मागे पडले आणि घाट उतरताना मागची गाडी दिसेनाशी झाली. तिच्यात खालाजान होत्या, आणि त्यांच्या इन्सुलिनची पिशवी आमच्या गाडीत. पंचवीस मिनिटे आम्ही फोन लावत राहिलो. पडद्यावर एक कांडी यायची, जायची. फोन काही लागेना. शेवटी गाडी आली. टायर पंक्चर झाला होता, एवढेच. अल्हम्दुलिल्लाह, सगळे सुखरूप होते.

पण तेवढ्या वेळात आम्ही जे केले ते जवळजवळ सगळे चुकीचे होते. काचा वर करून गाडीतच बसलो. गाडीचा पत्रा रेंज अडवतो, काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर आणखीच. शिवाय थांबलो ते वळणाच्या आत, टॉवर आणि आमच्यामध्ये डोंगर. गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावून, रहदारी बघून, मोकळ्या उंच जागी पन्नास पावले चालत गेलो असतो तरी फरक पडला असता.

कांडी दिसते आणि फोन लागत नाही, हे कसे? टॉवरची ताकद मोठी, म्हणून त्याचे आपल्याला ऐकू येते. आपला 4जी फोन मात्र जास्तीत जास्त 0.2 वॅटने बोलतो. त्याचा आवाज तिथवर पोहोचत नाही. पोहोचावा म्हणून तो पूर्ण जोर लावतो आणि बॅटरी खातो. आम्ही पुन्हा पुन्हा नंबर फिरवून तीच संपवत होतो.

त्याऐवजी विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद करावा. फोन नव्याने टॉवर शोधतो. सेटिंगमध्ये 2जी निवडून पाहावे, कधी कधी बोलण्यापुरती रेंज मिळते (जिओकडे 2जी नाही, तिथे हा उपाय चालत नाही). आणि व्हॉट्सअ‍ॅप न करता साधा एसएमएस पाठवावा. तो इतका लहान असतो की क्षणभराच्या रेंजमध्येही निघून जातो. मुले हसतात आमच्या एसएमएसला, हसू देत!

जिवावर बेतले तर 112. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर हाताशी असेल तर हा फोन त्यावरून जाऊ शकतो. जानेवारी 2025 पासून सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरांवर जिओ, एअरटेल, बीएसएनएल यांपैकी कोणाच्याही ग्राहकाला 4जी मिळण्याची सोय सुरू झाली आहे. पण तसा टॉवर जवळ हवा ना. म्हणून घरातल्या दोन फोनांत दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवणे बरे.

एका दुकानदाराने आम्हाला ‘सिग्नल बूस्टर’ दाखवला. परवानगीशिवाय तो बाळगणे बेकायदा आहे, आणि त्याने आसपासच्या सगळ्यांच्याच फोनमध्ये बिघाड येतो. आम्ही घेतला नाही.

आता निघण्याआधी नकाशा ऑफलाइन उतरवून घेतो. चुकामूक झाली तर पुढच्या गाडीने फर्दापूरला थांबायचे, अर्ध्या तासात मागची आली नाही तर उलट फिरायचे, असे ठरलेले असते. इन्सुलिनची पिशवी खालाजानच्याच मांडीवर.