शिष्यवृत्तीविना क्रीडासंघ

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळ म्हटले की लाखभर प्रेक्षकांची क्रीडागारे आणि खेळाडूंवर होणारी द्रव्याची उधळण डोळ्यांपुढे येते. परंतु तेथील एनसीएए या क्रीडासंघटनेने १९७३ साली आपल्या सभासद-संस्थांचे जे तीन विभाग पाडले, त्यांतील तिसऱ्या विभागात केवळ क्रीडानैपुण्याबद्दल छदामाचीही शिष्यवृत्ती देण्यास सक्त मनाई आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. आर्थिक निकड वा विद्याव्यासंग पाहून इतर विद्यार्थ्यांना मिळते तेवढेच साह्य खेळाडूंना मिळावे, हा दंडक माझ्या मते सर्वथैव न्याय्य आहे.

मेरिलँड राज्यातील सेंट मेरीज हे सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांचे सरकारी महाविद्यालय याच विभागातले. अमेरिकी फुटबॉलसारख्या खर्चिक खेळाचा संघ त्याने ठेवलेलाच नाही. मात्र अंगणालगतच विस्तीर्ण नदी वाहत असल्यामुळे शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत या चिमुकल्या संस्थेने मातब्बर विद्यापीठांना नमवून अनेकदा राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले आहे. गंमत अशी, की हा खेळ एनसीएएच्या अखत्यारीत येतच नाही. त्याचा कारभार निराळी आंतरमहाविद्यालयीन संघटना पाहते.