बंद पंखा, मालवलेला दिवा आणि वृद्धांचे मन

घरातील ज्येष्ठांच्या काटकसरीचे आपण नेहमीच कौतुक करतो. दिवेलागण होऊन गेली तरी माजघरात दिवा न लावणे, भर वैशाखात ‘उगाच कशाला’ म्हणून पंखा बंद ठेवणे, थंडीत गार पाण्यानेच अंग धुणे, सकाळची भाजी रात्री न तापवता तशीच खाणे, या सवयी जुन्या पिढीच्या संस्काराचा भाग आहेत असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पुष्कळदा तो संस्कारच असतो. परंतु तीच व्यक्ती गेल्या काही महिन्यांत अबोल झाली असेल, तिची झोप आणि भूक मंदावली असेल, तर या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या मानू नयेत. घरातील प्रकाश, वारा, ऊब आणि चूल यांचा वृद्धांच्या मनाशी किती जवळचा संबंध असतो, हे आज समजून घेऊ या.

ऊर्जा-दारिद्र्य म्हणजे काय?

घरात पुरेसा प्रकाश असणे, स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करता येणे, उन्हाळ्यात गारवा व हिवाळ्यात ऊब मिळणे या किमान गरजा परवडत नसतील, तर त्या स्थितीला ऊर्जा-दारिद्र्य म्हणतात. ही कल्पना प्रथम इंग्लंडमध्ये रुजली. तेथील संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिची एक सोपी कसोटी मांडली: घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागत असेल, तर ते कुटुंब इंधनाच्या बाबतीत दरिद्री समजावे. तेथे प्रश्न मुख्यतः थंडीचा होता. आपल्याकडे त्याची रूपे अनेक आहेत. चंद्रपूर-नागपूरकडे तो उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली जाणवतो. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत तो वेगळ्या रूपाने येतो, तर कोकणात पावसाळ्यात ओल्या सरपणाच्या धुरातून डोळ्यांत शिरतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात या बाबतीत मोठा बदल झाला, हे नि:संशय. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून अधिक गॅसजोडण्या दिल्या गेल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली आणि वीज अनेक वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचली. तथापि जोडणी असणे वेगळे आणि ती मनमोकळेपणाने वापरता येणे वेगळे. स्वयंपाकघरात टाकी आहे, पण ती पाहुण्यांच्या चहापुरती. रोजचा स्वयंपाक चुलीवरच, असे चित्र आजही अनेक घरांत दिसते. मीटर आहे, पण त्याचा आकडा वाढू नये म्हणून सारे घर एका दिव्यावर चालते.

येथेच एक फसगत होते. वृद्ध आईवडिलांचे वीजबिल फार कमी येते, म्हणजे त्यांचे छान चालले आहे, असे दूर राहणाऱ्या मुलांना वाटते. प्रत्यक्षात अतिशय कमी बिल हे कधीकधी समाधानाचे नव्हे, तर मन मारून जगण्याचे लक्षण असते.

अभ्यास काय सांगतात?

मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ या नावाने ओळखली जाणारी भारतातील वृद्धत्वाची पाहणी झाली. तिच्यात ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची माहिती घेण्यात आली. साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. परंतु ‘मला नैराश्याचे निदान झाले आहे’ असे सांगणारे एक टक्काही नव्हते. याचा अर्थ, आपल्या घरांतील वृद्धांचे बहुतांश नैराश्य अद्याप कोणी ओळखलेलेच नाही.

‘लासी’ची तसेच चीनमधील ‘चार्ल्स’ या अशाच राष्ट्रीय पाहणीची माहिती वापरून अनेक संशोधकांनी घरातील इंधन आणि मनःस्थिती यांचा संबंध तपासला आहे. लाकूड, गोवऱ्या, कोळसा यांवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतील ज्येष्ठांमध्ये नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात, असे त्यांतून वारंवार दिसून आले. अर्थात दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळेच दुसरी घडली असे ठामपणे म्हणता येत नाही. गरिबी, एकाकीपणा, आजारपण यांचाही त्यात वाटा असतो. शिवाय हा संबंध दुहेरी असू शकतो. खचलेल्या मनाला दिवा लावण्याचा किंवा चूल पेटवण्याचाही कंटाळा येतो.

तरीही घराची स्थिती सुधारली की माणसालाही बरे वाटू लागते, याचा एक चांगला दाखला न्यूझीलंडमध्ये मिळतो. तेथे अल्प उत्पन्न गटातील सुमारे १,३५० घरांचा अभ्यास करण्यात आला. काही घरांना थंडी रोखणारे आच्छादन आधी बसवले आणि उरलेल्यांना नंतर. आधी आच्छादन मिळालेल्या घरांतील माणसांनी आपली प्रकृती, उत्साह आणि आनंद यांत सुधारणा झाल्याचे सांगितले. २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास केवळ वृद्धांचा नव्हता. परंतु भिंती आणि मन यांचे नाते त्यातून स्पष्ट होते.

मनापर्यंत पोहोचणाऱ्या वाटा

पहिली वाट अंधाराची. वयाबरोबर डोळ्यांची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होते. त्यामुळे साठीच्या व्यक्तीच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील तरुणाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. आपल्याला पुरेसा वाटणारा मिणमिणता दिवा त्यांना अंधारच असतो. मग वाचन सुटते, पोथी बंद होते, तांदूळ निवडणे किंवा सुईत दोरा ओवणे जमत नाही. पडण्याच्या भीतीने संध्याकाळनंतर हालचाल थांबते. दिवस लवकर संपतो आणि रात्र लांबते. मन रमवणारी एकेक गोष्ट अशी गळून पडणे, हेच तर नैराश्याचे सुपीक शेत आहे.

दुसरी वाट झोपेची. शांत झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते. दिवसभर तापलेल्या खोलीत ते उतरत नाही. वृद्धांमध्ये घाम येण्याची क्षमता कमी झालेली असते, तहानेची जाणीवही बोथट होते. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे व मनोविकारांवरील काही औषधे उष्णता सोसण्याची शक्ती आणखी घटवतात. अशा रात्री सलग आल्या, की चिडचिड, थकवा, विस्मरण आणि उदासी मागोमाग येतात. हिवाळ्यात सांधे आखडतात व माणूस अंथरुणात अडकून पडतो. घरातील तापमान १८ अंश सेल्सिअसखाली जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने थंड हवेच्या प्रदेशांसाठी २०१८ मध्ये सुचवले आहे.

तिसरी वाट धुराची. चुलीचा धूर फुप्फुसांचे जुनाट विकार आणि मोतीबिंदू यांना हातभार लावतो. दम लागतो म्हणून देवळात, कट्ट्यावर, शेजारी जाणे बंद होते. दिसत नाही म्हणून माणसे ओळखता येत नाहीत. धुरातील सूक्ष्म कणांमुळे शरीरात होणारा दाह मेंदूवरही परिणाम करत असावा, असाही संशोधकांचा कयास आहे. या धुराचा सर्वाधिक वाटा अर्थातच ज्यांनी आयुष्यभर चूल फुंकली त्या स्त्रियांच्या नशिबी येतो.

चौथी वाट सर्वांत नाजूक आहे, ती स्वाभिमानाची. मिळवते हात थांबल्यानंतर प्रत्येक खर्च दुसऱ्याच्या खिशातून होतो ही जाणीव वृद्धांना बोचत असते. बिलाचा कागद आला की ‘माझ्यामुळे वाढले का?’ हा प्रश्न मनात उभा राहतो. भरलेली टाकी सुमारे तीस किलोची. ती हलवायला, मोबाइलवर नोंदवायला, घरपोच आल्यावर संकेतांक सांगायला कोणाची तरी मनधरणी करावी लागते. पाहुणा आला तर चहा कशावर करावा, या संकोचाने ‘या बसा’ म्हणणेही टाळले जाते. ‘मी ओझे झालो आहे’ ही भावना येथे मूळ धरते, आणि वृद्धापकाळातील नैराश्यात तीच सर्वांत घातक ठरते.

ओळखावे कसे?

आपल्याकडील वृद्ध ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतात. अंग दुखते, गॅस होतो, डोके जड आहे, झोप येत नाही, जेवण जात नाही, अशा शारीरिक तक्रारींच्या आडून नैराश्य बोलत असते. कधी ते विस्मरणासारखे दिसते आणि घरचे ‘वयच झाले’ म्हणून सोडून देतात. म्हणून आईवडिलांकडे जाल तेव्हा तब्येतीबरोबर घरही विचारा. संध्याकाळी किती दिवे लागतात? रात्री पंखा चालू असतो का? टाकी किती महिन्यांनी बदलते? अंघोळीला गरम पाणी मिळते का? पूर्वी वाचणारी, विणणारी, रेडिओ ऐकणारी व्यक्ती आता ते करते का? ‘काही नको, बरे आहे’ हे उत्तर पहिल्याच वेळी खरे मानू नका.

कुटुंबाने काय करावे?

प्रथम हिशेब समोर ठेवा. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला दीड युनिटही वीज लागत नाही. म्हणजे संध्याकाळभर अंधारात बसून वाचतात ते एखाद्या चहाचे पैसे. साधा ७५ वॅटचा छताचा पंखा रोज आठ तास चालवला, तर महिन्याला १८ युनिट होतात. ३० वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा हेच काम सुमारे ७ युनिटांत करतो. उपदेशापेक्षा हे आकडे कागदावर मांडून दाखवले, तर आयुष्यभर हिशेबाने संसार केलेल्या माणसाला ते अधिक पटतात.

वाचनाची जागा, पलंगाशेजार, न्हाणीघर आणि तिथवरची वाट येथे उजळ दिवे लावा. वीज जाते तेथे बॅटरीवर चालणारा एक दिवा हाताशी असू द्या. उन्हाळ्यात पत्र्यावर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग, खिडकीला ओले पडदे, दुपारी खोलीत अंधार न करता ऊन अडवणे, हे उपाय स्वस्त आहेत. तापमान ४० अंशांपलीकडे गेले की नुसता पंखा पुरत नाही, उलट गरम हवा अंगावर येते; तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसणे आणि थंड जागी हलवणे आवश्यक असते.

थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅसगिझर वापरू नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि त्याने झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. कोकणात आगोटीच्या तयारीत सरपण कोरडे राहील एवढे पाहिले तरी पावसाळ्यातील धूर घटतो. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत तरी वृद्धांचा स्वयंपाक गॅसवर व्हावा, हे उत्तम. मोठी टाकी झेपत नसेल तर पाच किलोची मिळू शकते का, हे वितरकाकडे विचारावे.

बिल आणि टाकी यांची व्यवस्था शक्य असेल तर मुलांनी आपल्याकडे घ्यावी आणि ‘आम्ही भरतो’ अशी जाहीर वाच्यता न करता घ्यावी. ‘आई, तू अंधारात बसतेस याची मला रात्रभर काळजी लागते, माझ्यासाठी दिवा लाव’ असे म्हटले, तर उपकाराची भावना उरत नाही. ज्यांची थकबाकी राहिली आहे त्यांना मीटर कापला जाण्याचे भय सतत पोखरत असते. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीपोटी वीज तोडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, एवढी माहितीही त्या भयाला थोडा आळा घालते.

आपल्या घरी सर्व सुखसोयी असतील, तर शेजारच्या एकट्या आजीकडे पाहा. पाड्यावर, चाळीत, वाड्यात ज्या खिडकीत संध्याकाळी दिवा दिसत नाही, त्या दारावर एकदा थाप मारा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

उदासी, कशातच रस न वाटणे, झोप-भूक बिघडणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधांचे परिणाम यांमुळेही अशी लक्षणे दिसतात. त्यांची तपासणी होते. वृद्धांचे नैराश्य समुपदेशन आणि औषधे यांनी बरे होऊ शकते. ‘आता जगून काय करायचे’ हे वाक्य ऐकले, तर ते वयाचे बोलणे समजू नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. मानसिक आरोग्यासाठी शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर ज्येष्ठांसाठीची ‘एल्डर लाइन’ १४५६७ या क्रमांकावर आहे.

घरातला दिवा लावल्याने नैराश्याचा आजार बरा होतो असे नाही. औषधाची जागा औषधानेच घ्यावी. परंतु अंधाऱ्या, तापलेल्या, धुरकट खोलीत बसलेल्या माणसाला नुसती गोळी देऊन उभारीही येणार नाही. वाचकहो, पुढच्या वेळी आईवडिलांशी फोनवर बोलताना औषधे घेतली का, हे तर विचाराच. त्याबरोबर पंखा चालू आहे का आणि दिवा लावला का, हेही विचारा.