माहिती चौकट : चेहरा तिचा, देह भलत्याचाच

‘डीपफेक’ हा शब्द भारतीय न्याय संहितेत शोधून सापडत नाही. म्हणून आरोपी मोकळा सुटतो असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६७-ए लैंगिक कृतीची चित्रफीत पसरवणाऱ्याला लागते : पहिल्या खेपेस पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा दोषी ठरल्यास सात वर्षांपर्यंत कैद. गोम अशी, की हे कलम अश्लीलतेचे. बाईची संमती होती का, हे ते विचारतच नाही. संमती विचारणारे त्याच कायद्यातले कलम ६६-ई खासगी अवयवांचे खरे चित्रण डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले. डीपफेकमधला, उसन्या देहावर डकवलेला चेहरा त्यात ओढूनताणूनच बसतो.

अभिनेत्री रश्मिका मंदानाचा नोव्हेंबर २०२३ मधला लिफ्टचा डीपफेक व्हिडिओ अश्लील नव्हता, तरी दिल्ली पोलिसांनी बनावटीकरणाची कलमे लावली आणि जानेवारी २०२४ मध्ये आंध्रातून एकाला अटक केली.

दक्षिण कोरियाने २०२४ मध्ये अश्लील डीपफेक व्हिडिओ नुसते बाळगणे वा पाहणेही गुन्हा ठरवले.

आपल्याकडे यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड : तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. तक्रार ऑनलाइन दिली, तर तीन दिवसांत सही करावी लागते. आयटी कायद्याखालचा तपास मात्र पोलीस निरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. व्हिडिओ डिलीट करण्याची घाई नको. आधी लिंक, खात्याचे नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा.